गाडी नको म्हणतीया

पाय हलवत बसू नये, घरातली लक्ष्मी जाते, असं आई मला लहानपणापासून सांगत आली. माझा पाय काही थांबला नाही. शाळेत तो बाकाखाली हलायचा, आता हिंजवडीच्या ऑफिसात टेबलाखाली हलतो. मी सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधून त्यांना तोंडावर सांगते. स्वभावाला इतकं साजेसं काम फार थोड्यांना मिळतं. पण गेल्या दसऱ्यानंतरचा महिनाभर मला जी चूक शोधायची होती ती माझ्याच गाडीत होती, आणि ती सापडेना तेव्हा माझं कशातच लक्ष लागेना.

आमचं घर कोळवणचं. आई-वडील तिथे असतात, मी भूगावात तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबांच्या किडन्या थकल्या तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना पुण्यात डायलिसिसला न्यावं लागतं. मी आदल्या संध्याकाळी कोळवणला जायची, सकाळी सहाला त्यांना घेऊन निघायची आणि आठच्या आत दवाखान्यात पोचवायची. तिथे चार तास मशीनला लावतात. अर्धा तास उशीर झाला तर साडेतीनच मिळतात, कारण पुढचा माणूस बाहेर बाकावर बसलेला असतो. एक वार चुकला की पाय सुजतात, धाप लागते. सगळंच बंद केलं तर काय होतं, ते डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं होतं.

"मग भूगावलाच का नाही आणत त्यांना?" असं विचारणाऱ्यांना माझे आबा माहीत नाहीत. माझ्या फ्लॅटला ते पेटी म्हणतात. एसटीने जाता येतं, पण मशीनवरून उठलेल्या माणसाला एसटीत उभं राहून परत येता येत नाही. टॅक्सीवाले पौडपर्यंत हो म्हणतात आणि कोळवणचं नाव काढलं की फोन ठेवतात. गावात गाड्या आहेत, मालक शब्द टाकला तर नाही म्हणणार नाहीत. पण आबांनी तीस वर्षं कोळवण ते पौड प्रवासी जीप चालवली. खोऱ्यातली निम्मी माणसं त्यांनी दवाखान्यात, कोर्टात, परीक्षेला नाहीतर लग्नाला पोचवलेली. "मी लोकांस्नी नेत व्हतो. आता लोकांनी मला न्यायचं व्हय?" असं ते विचारायचे आणि विषय संपायचा. लेकीची गाडी तेवढी त्यांना चालायची. म्हणजे सगळा भार त्या एका गाडीवर होता.

सुरुवातीला ती छान चालली. आबा माझ्या शेजारी बसायचे, मांडीवर नॅपकिन. वळण आलं की त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जायचा, जणू तिथे ब्रेक आहे. पिरंगुटच्या घाटात तर ते माझ्याबरोबरीने गाडी चालवायचे. "दुसरा टाक." "आता सोड." "कडंला घे, कडंला." मी चिडायची.

"आबा, लायसन माझ्याकडे आहे."

"लायसन हाय गं. कान न्हाईत."

गाडी नवी असल्याचा त्यांना रागच होता. हिला आवाज न्हाई, म्हणायचे. ज्या गाडीचा आवाज येत नाही तिच्या पोटात काय चाललंय ते माणसानं ओळखायचं कसं?

दसरा होऊन आठवडा झाला असेल. शुक्रवारची सकाळ. कोळवण सोडून दहा मिनिटं झाली होती, दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं भात आणि त्यावर दव. मी पाय दाबला आणि गाडीनं ऐकलंच नाही. इंजिन चालू होतं, पण कुथत होतं. समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. पाय पार तळाला टेकवला तरी गाडी बैलगाडीच्या पुढे जाईना. रस्ता अरुंद, मागे गावाची पहिली एसटी. एसटीवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. खिडक्यांतून डोकी बाहेर आली, आणि ती सगळी ओळखीची.

"आबा, काय झालं ओ? ढकलू का?"

ज्याने हे विचारलं त्याच्या बायकोला बाळंतपणासाठी आबांनी भर पावसात पौडला नेलं होतं. त्याने मनापासूनच विचारलं असणार. आबांनी मान खाली घातली, नॅपकिनची घडी मोडली, पुन्हा घातली. मग हळूच मला म्हणाले, "बंद कर. धा पतोर मोज. मग चालू कर."

मी सहापर्यंतच मोजलं. तरी गाडी चालू झाली, दिवा गेला, आणि आम्ही आठला पाच मिनिटं असताना दवाखान्यात पोचलो. पण वाटेत पिरंगुटचा घाट लागला तेव्हा माझे हात स्टिअरिंगवर घामाने ओले होते. मागे कंटेनर होता. हे इथे झालं असतं तर, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मंगळवारी पुन्हा तेच झालं. शुक्रवारी झालं नाही. पुढच्या मंगळवारी दोनदा झालं आणि आबांचा अर्धा तास गेला. मी सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे गाडी अगदी शहाण्यासारखी वागली. त्यांनी इंजिनात हवा सोडणारा थ्रॉटल साफ केला, ॲक्सिलरेटरचं पेडल नवीन बसवलं आणि "आता काही प्रॉब्लेम नाही मॅडम," असं सांगून गाडी धुऊन परत दिली. त्याच आठवड्यात ती पुन्हा भातात उभी राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती. मी तिथे फोन करून जे बोलले ते इथे लिहीत नाही.

मग मी पौडच्या मिस्त्रींकडे गेले. रस्त्याकडेला त्यांची पत्र्याची शेड आहे, वय पन्नाशीचं, बोलणं तुटक. आबांची जीप शेवटपर्यंत यांनीच सांभाळली. मी गेल्या गेल्या बॉनेट उघडलं, तर त्यांनी ते बंद केलं.

"आत्ता बरी हाय ना ती? मग उघडून काय बघू?"

त्यांनी स्टिअरिंगखाली एक छोटं यंत्र जोडलं, त्यावरचं वाचलं आणि मला बाकावर बसवून समजावलं. मी बसले, पाय हलवत. पूर्वी पायापासून इंजिनापर्यंत तार असायची. पाय दाबला की तार ओढली जायची आणि इंजिनाचा गळा उघडायचा. आता तार नाही. "आता पाय नुसता सांगतो. ऐकायचं का न्हाई ते कंप्युटर ठरवतो." पाय किती दाबला ते सांगायला पेडलमध्ये दोन सेन्सर असतात. गळा खरोखर किती उघडला ते सांगायला इंजिनावर, थ्रॉटलमध्ये आणखी दोन. दोन साक्षीदार ठेवायचे म्हणजे एक खोटं बोलला तर कळतं. दोघांची साक्ष जुळली नाही तर कंप्युटर कुणावरच विश्वास ठेवत नाही आणि गाडीला रांगायला लावतो.

"तुमच्या थ्रॉटलमधल्या दोगांचं जुळंना, असं ही म्हणतीया. पेडल बदललं ते फुकट गेलं."

"मग थ्रॉटल बदला."

"ताई, जरा दम धरा. साक्षीदार खोटा हाय का त्याला बोलताना कुनी अडवतंय, ते आदी बघू. भाताचे दिस हायेत, उंदीर वायरी खातात." त्यांनी आता बॉनेट उघडून वायरींवरून बोटं फिरवली. कुठे कुरतडलेलं नव्हतं. "दुखतं तवाच दाखवायला पायजे. कवाकवा बंद पडती, सगळं लिवून आना."

हे माझ्या आवडीचं काम. मी त्याच दिवशी वही घेतली, पट्टीने रकाने आखले. वार, जागा, हवा, गाडी रात्री कुठे होती, गाडीत कोण कोण. पुढचे दोन आठवडे एकही फेरी सोडली नाही. शुक्रवारी दुपारी आबांना घरी सोडून भूगावला येताना गाडी ठीक. शनिवारी ऑफिसला ठीक. सोमवारी संध्याकाळी कोळवणला जाताना ठीक. मंगळवारी सकाळी बंद. बघता बघता रकाने भरले आणि त्यातून मला हवं ते दिसू लागलं. भूगावात गाडी तळघरात कोरडी असते. कोळवणात ती गोठ्याजवळ उघड्यावर, रात्रभर दवात. म्हणजे ओल. ओल कुठेतरी शिरत होती. मी इतकी खूश झाले की वही कोळवणच्या ओट्यावर उघडी टाकून आईकडे चहा मागायला गेले.

परत आले तर वही आबांच्या हातात होती. चष्मा नाकावर, बोट ओळीखाली.

"मंगळवार, आबा गाडीत, बंद," ते मोठ्यानं वाचत होते. "बुधवार, मी एकटी, चालू. गुरवार, मी एकटी, चालू. शुक्रवार, आबा गाडीत, बंद." त्यांनी पान उलटलं, तिथेही तेच. मग चष्मा काढला. "तूच लिवलंयस ना?"

"आबा, त्याच्याशेजारचा रकाना बघा. रात्री गाडी कुठे होती..."

"मला न्यायची येळ आली कीच ती बसती. एरवी पळती. बाय, गाडी नको म्हणतीया." अगदी शांतपणे म्हणाले, रागाने असते तर मी भांडले तरी असते. "देवदिवाळीपतोर येतो. मग मी यायचा न्हाई."

वही माझी, अक्षर माझं, आणि निकाल त्यांच्या बाजूने. मी खूप बोलले. गाडीला कळतं का, ती काय बैल आहे का, शिकल्या-सवरल्यासारखं बोला. त्यांनी ऐकून घेतलं आणि नॅपकिनची घडी घातली. रात्री भांडी घासताना आई म्हणाली, "तू गाडी दुरुस्त करशील गं. पन त्यांना जायचंच न्हाई." मी आईवरही खेकसले.

त्या रात्री पडल्या पडल्या मला जाणवलं की मी महिनाभर एक गोष्ट बघूनही बघितली नव्हती. घाटात आबांचा पाय हलत नव्हता. वळण येत होतं, जात होतं, त्यांचा पाय मॅटवर नुसता ठेवलेला असायचा. "दुसरा टाक" म्हणणंही थांबलं होतं. मला वाटलं होतं, अखेर मला चालवता येतं हे त्यांनी मान्य केलं. मला भीती वाटली, आणि त्यानंतर ती गेलीच नाही. देवदिवाळीला बारा दिवस होते.

वहीत एक ओळ कमी होती. रात्र कोळवणात, आणि सकाळी आबा गाडीत नाहीत. एवढी एक ओळ मिळाली तर त्यांच्या बोलण्यातला जोर जाणार होता. मी मिस्त्रींना गळ घातली आणि रविवारी सकाळी साडेसहाला ते कानटोपी घालून मोटरसायकलवर कोळवणला आले. दव इतकं की काचेवरून ओघळत होतं. आबा ओट्यावर घोंगडी घेऊन बसले होते, हातात चहा. डॉक्टरांनी त्यांना पाणी मोजून दिलेलं, त्यामुळे कप अर्धाच.

मी एकटी गाडीत बसले. चालू केली. पाय दाबला, गाडी बोलली. पुन्हा दाबला, बोलली. तिसऱ्यांदा दाबला आणि पिवळा दिवा लागला, इंजिन कुथायला लागलं, पाय तळाला टेकला तरी काही नाही. गाडी बिघडली म्हणून टाळ्या वाजवणारी खोऱ्यातली मी पहिलीच असेन.

"बघा आबा!" मी काच खाली करून ओरडले. "तुमी न्हाई गाडीत! तरी बंद पडली!"

आबांनी कप खाली ठेवला.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, वरचं काळं प्लास्टिकचं झाकण काढलं. हवेच्या फिल्टरपासून जाडजूड नळी येते, ती जिथे इंजिनाला मिळते तिथे मुठीएवढा धातूचा थ्रॉटल. त्याच्या कुशीत वायरींचं एक सॉकेट. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी नळी काढून आत फवारा मारला होता, पण सॉकेट काढलंच नव्हतं. मिस्त्री ते काढायला वाकले आणि तसेच थांबले.

"ताई, हिकडं या."

सॉकेटमधून मुंग्या निघत होत्या. बारीक, लाल, एकामागे एक. त्यांनी क्लिप दाबून सॉकेट ओढलं. आतल्या तांब्याच्या काड्यांवर हिरवट पांढरा थर, कडेला फाटलेला रबर, रबराच्या खाचेत लालसर चिकटा आणि नखाएवढा खोबऱ्याचा काळा पडलेला तुकडा.

"कुंकू हाय ह्ये," मिस्त्री म्हणाले. "दसऱ्याला नारळ कुटं फोडलावता?"

मग ते थरावर टेस्टर लावून सांगत राहिले. नारळाचं पाणी वाळलं तरी त्यातली साखर, मीठ तिथेच राहतं. दिवसा कोरडं असतं. रात्री दवाची ओल धरतं आणि दोन काड्यांच्या मध्ये पूल होतो. एका साक्षीदाराचं बोलणं दुसऱ्याच्या कानात. सकाळी गाडी गरम होऊन ओल वाळली की सगळं ठीक. मी मान डोलवत होते, पण ऐकत नव्हते. मला दसरा आठवत होता.

दसऱ्याला आमच्याकडे गाडीची पूजा आबा करतात. जीपची करायचे तशीच. बॉनेट उघडून, कारण पूजा इंजिनाची, पत्र्याची नव्हे. त्यांनी ते प्लास्टिकचं झाकणही काढून ठेवलं होतं. झेंडू वाहिला, कुंकू लावलं, पुढच्या दगडावर नारळ फोडला. त्या सुट्टीच्या दिवशीही मी कानात यंत्र घालून ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, अंगणात येरझारा घालत. आबा नारळाची वाटी हातात धरून माझ्याकडे आले होते. "बाय, हिच्या इंजिनाव पानी शिपडलं तर चालंल का? जीपला शिपडायचो. पन ही नवी हाय." त्यांनी विचारलं होतं. आणि मी त्यांच्याकडे न बघता हाताने 'हो, हो, करा' असं केलं होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी सर्व्हिस सेंटरला बोलले, आईला बोलले, उंदरांना बोलले.

"आपलेच दात, आपलेच ओठ," मिस्त्री हळू आवाजात म्हणाले. "आबांना सांगू नगा. उंदीर व्हता म्हनू."

पण आबा ओट्यावरून उतरले होते. काठी न घेता, सुजलेल्या पायांनी अंगण ओलांडून आले. वाकून त्यांनी सॉकेटात बघितलं. मुंगी बोटावर चढली ती झटकली नाही.

"म्हंजे म्याच केलं व्हय."

उंदराचं नाव माझ्या ओठावर होतं. "तुम्ही विचारलं होतंत," मी म्हणाले. "मी बघितलं नाही. मी फोनवर होते. आबा, चूक माझी आहे." माझा आवाज चिरकला आणि मला त्याचाही राग आला.

आबांनी फक्त "हं" केलं.

मिस्त्रींनी दात घासायच्या जुन्या ब्रशने काड्या घासल्या, फवारा मारला, फडक्याने टिपलं, पिशवीतून जुन्या गाडीचा एक रबर काढून बसवला. मग मीटर जोडला आणि मला म्हणाले, "बसा. पाय सावकाश दाबा, तळापतोर. आकडा एकसारखा चढला पायजे, मदी उडी मारता कामा नये." मी दाबला. आकडा उड्या मारायला लागला.

"गाडी न्हाई वो, तुमीच उड्या मारताय. लई हावरा पाय हाय तुमचा. पुन्यांदा."

पुन्हा तेच. मला सावकाश येईचना. मिस्त्री वैतागले आणि म्हणाले, "आबा, तुमी बसा."

वर्षभर आबा स्टिअरिंगमागे बसले नव्हते. डॉक्टरांनी मनाई केली होती. ते आत बसण्याआधी तळवे एकमेकांवर घासून माती झटकायला विसरले नाहीत. बसले, सीट थोडी मागे घेतली, पाय पेडलवर ठेवला. आणि दाबला म्हणजे काय, नुसता त्या पायाचा भार हळूहळू तिथे येत गेला. मीटरवरचा आकडा एकेक घर चढत वर गेला, तसाच उतरत खाली आला. कुठे अडकला नाही. मिस्त्रींनी पुन्हा करायला लावलं, पुन्हा तसंच.

"झालं," मिस्त्री म्हणाले. "दोनी साक्षीदार बरे हायेत. पुढच्या दसऱ्याला नारळ लांब फोडा, आबा." आईने दिलेला चहा घेऊन मिस्त्री निघून गेले.

आबा गाडीतच बसून होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी शेजारच्या सीटवर, म्हणजे त्यांच्या जागी जाऊन बसले.

"आता कारन उरलं न्हाई," ते म्हणाले.

"कशाला?"

"नको म्हनायला. गाडीवर ढकललं व्हतं. गाडी न्हाई नको म्हनत. मीच म्हनतुया."

मी भडकले. त्याशिवाय मला काही सुचत नाही. "मग सरळ सांगायचं ना! महिनाभर मी वेड्यासारखी वायरी शोधत फिरतेय. मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगून तू ऐकलं असतंस?" ते समोरच्या काचेतून बघत होते. "तू फोनवर असतीस बाय."

त्यांच्या डाव्या मनगटाच्या वर, जिथे सुया टोचतात, तिथली शीर दोरीसारखी फुगलेली आहे. तिच्यावर बोट ठेवलं की आत थरथर लागते. ती थरथर रोज सकाळी तपासायची असते, थांबली तर दवाखान्यात कळवायचं असतं. आबा पूर्वी मला बोट ठेवायला लावायचे, म्हणायचे, बघ, हितं इंजिन चाललंय. मी बोट ठेवलं. चालू होतं.

"आता मी फोनवर नाही," मी म्हणाले. "बोला."

ते थांबत थांबत बोलले. चार तास छताकडे बघत पडायचं. परत आलं की मान उचलवत नाही, दुसरा दिवस झोपेत जातो, तिसऱ्या दिवशी बरं वाटतं तोवर चौथा येतो. शेजारच्या पलंगावर मावळातला एक माणूस असायचा, पिकाच्या गप्पा व्हायच्या. तो यायचा बंद झाला आणि कुणी त्याचं नाव काढलं नाही. "आन् तुझी नोकरी. दर खेपेला तू हितं येऊन झोपतीस. मी लोकांस्नी येळेवर सोडायचो. आता माझ्या येळेपायी तू."

मी पहिल्यांदा मध्ये बोलले नाही. त्यांचं बोलून झाल्यावर मी म्हणाले, "मी दमते, आबा. खोटं कशाला सांगू. पण तुम्ही नसलात तर मी काय करणार आहे ते मला माहीत नाही." हे बोलून मी रडले. आबांनी नॅपकिन पुढे केला.

मग मला जे सुचलं ते मी सांगितलं. "मंगळवारी सहाला मी गाडी चालू करून बसेन. हाक मारणार नाही, आत येणार नाही. यायचं तर या. नाही आलात तर साडेसहाला गाडी बंद करेन आणि भांडणार नाही."

मंगळवारी सहाला मी गाडी चालू केली. दव पडलेलं होतं. पिवळा दिवा लागून गेला, जसा जायला हवा तसा. इंजिन इतकं गुळगुळीत चालत होतं की मला त्याचाच राग आला. घरात दिवा होता. सहा वाजून पाच मिनिटं. फोन मी मुद्दाम पर्समध्ये आणि पर्स मागच्या सीटवर टाकली होती. हाक मारावी म्हणून जीभ शिवशिवत होती. दहा मिनिटं. आई दारात आली, मला बघून पुन्हा आत गेली. मी दोन्ही हातांनी माझा गुडघा धरून ठेवला. सव्वासहा. आठच्या आत पोचायचं तर आता निघायलाच हवं होतं. सहा वाजून अठरा मिनिटांनी आबा बाहेर आले. हातात दवाखान्याची पिशवी, खांद्यावर नॅपकिन. शेजारी बसले, पट्टा लावला.

भातकापणी सुरू झाली होती. जिथे गाडी बसायची ती जागा आली, गेली. पौड गेलं. मी पाय सावकाश दाबायचा प्रयत्न करत होते आणि ते मला जमत नव्हतं. आबा खिडकीबाहेर बघत होते. पिरंगुटचा घाट सुरू झाला. पुढे विटांचा ट्रक, मागे कंपनीची बस. पहिलं वळण घेताना मी डावीकडे खाली बघितलं. आबांचा पाय मॅटवर नुसता ठेवलेला होता.

दुसऱ्या वळणावर ट्रक हळू झाला, आमची गाडी चढावर धापा टाकायला लागली. मी दिव्याकडे बघत होते, फक्त दिव्याकडे. तेवढ्यात खाली मॅटवर काहीतरी दाबल्याचा आवाज आला.

"अगं, दिव्याकडं काय बघतीस? तिला वढंना," आबा म्हणाले. "दुसरा टाक."

मी दुसरा टाकला.